स्टिअरिंग चिकट झालंय, बोटांना मुंग्या येतात: तयार कव्हर घालू की लेदर शिवून घेऊ?

खिडकीजवळची

नमस्कार. प्रश्न जरा लांबला आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझी छोटी हॅचबॅक आहे, नऊ वर्षांची. स्टिअरिंग साधं काळ्या फोमचं, कंपनीतून आलं तसंच. गेलं सव्वा वर्ष ही गाडी मुख्यतः एकाच कामासाठी बाहेर पडते, बाबांना डायलिसिसला नेणं आणि आणणं. आठवड्यातून तीन दिवस. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास आणि मधले चार तास गाडी उघड्यावर उभी.

येताना बाबा गळून गेलेले असतात. रक्तदाब उतरलेला असतो, सुया टोचलेल्या हाताला पट्टी असते. खड्ड्यात चाक थोडं जरी आपटलं तरी ते तो हात दुसऱ्या हाताने धरतात. बोलत काही नाहीत, पण मला दिसतं. म्हणून मी फार जपून चालवते आणि स्टिअरिंग फार घट्ट धरते. हे घट्ट धरणं मला आत्ता आत्ता लक्षात आलंय.

आता अडचण सांगते. स्टिअरिंगवर जिथे माझे हात असतात, म्हणजे घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी, तिथला भाग चिकट झालाय. बाकीचा गोल अजून कोरडा, खरखरीत, नव्यासारखा आहे. चिकट जागेला बोट घासलं की काळं निघतं. माझे तळहात मुळात घामेजतात, शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागायचा, इतके. त्यात हा चिकटपणा. घरी आले की आधी साबणाने हात धुते.

उन्हात चार तास उभ्या राहिलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण बाबांना उन्हात ताटकळत ठेवून गाडी गार होण्याची वाट बघता येत नाही. ओढणीचं टोक हातात धरून मी पहिले दोन किलोमीटर चालवते. हे बरोबर नाही, मला कळतं.

आणि गेल्या तीन महिन्यांत उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आहेत.

आतापर्यंत दोन कव्हरं घालून झाली. पहिलं जाड, गुबगुबीत, चकचकीत रेक्झिनचं, आतून रबराची गोल पट्टी असलेलं. दुकानात हाताला इतकं मऊ लागलं की लगेच घेतलं. उन्हात त्याला असा वास सुटायचा की बाबांना मळमळायचं. पण मी ते काढलं ते वेगळ्याच कारणाने. एकदा यू-टर्न घेताना माझा हात वळला, कव्हर वळलं आणि स्टिअरिंग मागे राहिलं. अगदी क्षणभर, दोन बोटांइतकंच. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी कात्रीने कापून टाकलं.

दुसरं जाळीच्या कापडाचं. हवा खेळती राहते, घाम टिपलाही जातो. पण माझे हात लहान आहेत आणि ते घातल्यावर मूठ पूर्ण मिटतच नाही. पाऊण तासात पंजा दुखून येतो.

आता कुणीतरी लेदर शिवून घ्या म्हणतंय. खरं लेदर घ्यावं की कृत्रिम? छिद्रांचं की सलग? घामट हाताला लेदर बुळबुळीत तर होणार नाही ना? मला शिवणकाम येतं, ब्लाउज, पडदे, उशांचे अभ्रे सगळं घरी शिवते. हे स्वतः जमेल का? ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय किंवा रोज वापरलंय त्यांनी सांगावं, ही विनंती.


सुईदोरा

ताई, मी बावीस वर्षं गाड्यांच्या सीटा आणि स्टिअरिंग शिवतोय. तुमचा प्रश्न वाचल्यावर आधी उलट एक प्रश्न विचारतो. हॉस्पिटलमधून निघताना तुम्ही हाताला सॅनिटायझर लावता का? आणि तो ओला असतानाच स्टिअरिंग धरता का?

चिकटपणा फक्त दहा आणि दोनच्या जागी आहे आणि बाकी गोल कोरडा आहे, यावरून मला तसं वाटतं. फोमच्या स्टिअरिंगला वरून पातळ कातडीसारखा थर असतो, तोही फोमसारखाच पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा. घाम, हाताला लावलेलं क्रीम, ऊन आणि वरून अल्कोहोल, या सगळ्यांनी तो थर सुटतो, मऊ पडतो. नुसतं वय झालं असतं तर गोल सगळीकडे सारखा चिकटला असता. माझ्याकडे अशी स्टिअरिंगं येतात तेव्हा बहुतेक वेळा मालक दवाखान्यात नाहीतर औषधाच्या दुकानात काम करणारा निघतो. लेदरवरही हेच होतं. लेदरला वरून रंगाचा आणि संरक्षणाचा थर असतो, अल्कोहोल तोच आधी खातं. म्हणून नवीन काहीही बसवलंत तरी सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. ही सवय झाली नाही तर वर्षभरात पुन्हा इथेच याल.

आता पहिलं काम. कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाचे चार थेंब टाका, कापड बुडवून घट्ट पिळा आणि चिकट जागा हलक्या हाताने पुसा. मग नुसत्या ओल्या कापडाने, मग कोरड्याने. थिनर, पेट्रोल, स्पिरिट काही लावू नका. पुसून वाळल्यावर चिकटपणा गेला तर तो मळ होता. नाही गेला तर थर सुटलाय, आणि अशा पृष्ठभागावर ओढून बसवायचं तयार कव्हर घालायचंच नाही. ते घसरणारच.

तुमचं पहिलं कव्हर घसरलं त्यात तुमची चूक काही नव्हती. तयार गोल कव्हर फक्त आतल्या रबराच्या पकडीवर बसलेलं असतं. माप अर्धा सेंटिमीटर जरी सैल असलं की गरमीत रबर मऊ पडून ते फिरतं. बहुतेक छोट्या गाड्यांच्या स्टिअरिंगचा बाहेरचा व्यास ३७ ते ३८ सेंटिमीटर असतो आणि त्याच मापाची कव्हरं सर्रास मिळतात. पण स्वतःचं स्टिअरिंग टेपने मोजल्याशिवाय कधी घेऊ नये. बसवल्यावर गाडी उभी असतानाच दोन परीक्षा करायच्या. एक, स्टिअरिंग लॉक झालेलं असताना दोन्ही हातांनी धरून वळवायचा जोर लावा, कव्हर सरकता कामा नये. दोन, ओला कपडा पिळतो तसं जागच्या जागी पिळून बघा. पहिल्या परीक्षेत पास होणारी बरीच कव्हरं दुसरीत नापास होतात. नापास झालं तर ते कितीही मऊ असो, उतरवायचं.

जाडीचं सांगतो, कारण तुमचा हात लहान आहे आणि खरा घोळ मला तिथे दिसतोय. एक दोरा घ्या, स्टिअरिंगच्या कडीभोवती, जिथे मूठ धरता तिथे, एक वेढा द्या आणि तो दोरा पट्टीवर मोजा. साध्या फोमच्या कडीचा घेर नऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्यावर चार मिलिमीटर जाडीचं कव्हर चढलं की घेर चार मिलिमीटरने वाढत नाही, जवळजवळ अडीच सेंटिमीटरने वाढतो. नवाचा साडेअकरा झाला. म्हणून मूठ मिटत नाही. तेच लेदर १.२ मिलिमीटर जाडीचं घेतलं तर घेर फक्त पाऊण सेंटिमीटरने वाढतो. शिवलेलं लेदर मी सुचवतो ते यासाठी, दिसायला छान दिसतं म्हणून नव्हे.

खरं की कृत्रिम? मी दोन्ही शिवतो. पीव्हीसीचं रेक्झिन टिकाऊ आहे, पण घाम अजिबात शोषत नाही आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं उन्हाने उडून गेली की ते कडक होऊन तडकतं. पीयूचं, म्हणजे पॉलीयुरेथेनचं, हाताला लेदरसारखं लागतं, पण दमट हवेत काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघतात. चांगल्या दर्जाचं पीयू बराच काळ टिकतं, मात्र दर्जा नुसत्या डोळ्यांनी ओळखणं मलाही जमत नाही. खऱ्या लेदरमध्ये चमकणारं टाळा. चमक म्हणजे वरचा थर जाड, आणि जाड थरावर घामट हात घसरतो. मॅट घ्या. छिद्रांचं घ्यायचं तर फक्त हात असतात तेवढ्या दोन भागांना घ्या, बाकी सलग. छिद्रांत मळ बसतो, तो मऊ ब्रशने काढावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. दुकानात परीक्षा सोपी आहे: तळहात किंचित ओला करून तुकडा मुठीत धरा आणि पिळा. कोरड्या हाताने तर सगळंच छान लागतं.

स्वतः शिवायला जमेल. ब्लाउजची बाही बसवता येते त्या हाताला हे अवघड नाही. स्टिअरिंग काढू मात्र नका. मधल्या गादीखाली एअरबॅग आहे, तिला हात लावायचं काम वर्कशॉपचं. जागेवरच शिवायचं. तुमच्या स्टिअरिंगच्या मापाचं, कडेला भोकं पाडून आलेलं कापलेलं लेदर घ्या. दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा, सुया दोन आणि बोथट टोकाच्या. जोड आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या गादीकडे तोंड करून आला पाहिजे, बोटांच्या टोकांखाली येता कामा नये. आधी हेअर ड्रायरने लेदर कोमट करा, मग ते ताणलं जातं. वरून सुरुवात करा, दर चार-पाच टाक्यांनी मागे येऊन ढील काढा. एका बैठकीत तीन ते चार तास लागतील. आणि हे नीट ऐका: अर्धं शिवून गाडी चालवायची नाही. अर्धवट कव्हर हे न बसलेल्या कव्हरपेक्षा वाईट.


लांबपल्ला

मी रात्रीची गाडी चालवतो, सलग सहा-सात तास. माझा अनुभव थोडक्यात.

लोकरीचं कव्हर थंडीच्या दिवसांत दोन वर्षं वापरलं. हाताला त्याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. लोकर पुष्कळ ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पण ते जाड असतं आणि घट्ट बसत नाही. लहान हाताच्या माणसाला मी देणार नाही.

सिलिकॉनचं ताणून बसतं, धुता येतं, वास नाही. कोरड्या हाताला पकड उत्तम. घाम आला की साबणाच्या वडीसारखं. ताई, तुमच्यासाठी नाहीच.

उन्हाचं म्हणाल तर कव्हरचं कापड बदलून जितका फरक पडतो त्याहून जास्त सावलीने पडतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाळ्यातल्या दिवशी गाड्या उन्हात तासभर उभ्या करून मोजलं होतं. स्टिअरिंग सरासरी ५३ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, डॅशबोर्ड ६९ पर्यंत. सावलीतल्या गाडीचं स्टिअरिंग ४२ वर राहिलं. पंचेचाळीसच्या आसपास कातडीला चटका बसायला लागतो, म्हणजे सावली आणि ऊन यांतला फरक नेमका धरवण्या-न-धरवण्याचा आहे. सावली मिळत नसेल तर काचेला आतून चंदेरी पडदा आणि स्टिअरिंगवर पांढरा जाड टॉवेल. टॉवेल आधी पसरायचा, मग दार लावायचं. मी चौदा वर्षं हेच करतोय. ओढणी धरून चालवू नका, ती गिअरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्यात अडकते.

अजून एक. ऐंशी ते शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का? थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, हवा तपासा. थरथर कव्हरने झाकता येते, जात नाही. आणि ती रोज मनगटात उतरते.


खिडकीजवळची

सुईदोरा दादा, सॅनिटायझरचं तुम्ही कसं ओळखलंत! वॉर्डच्या दारातून निघताना एकदा आणि खाली गाडीपाशी बाबांना बसवल्यावर पुन्हा एकदा, असं मी दोनदा लावते. बाबांच्या हाताला जंतुसंसर्ग होऊ नये याची इतकी धास्ती आहे की हात कधी वाळूच देत नाही. लगेच बसते आणि गाडी काढते. सव्वा वर्षात तीन-चारशे वेळा तरी झालं असेल.

साबणाच्या पाण्याने पुसलं. कापड काळंकुट्ट झालं, चिकटपणा निम्मा गेला, निम्मा आहे. मापं घेतली: बाहेरून ३७ सेंटिमीटर, मुठीचा घेर ९.१. जाळीच्या कव्हरसकट मोजला तर ११.४. तुमचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला.

लांबपल्ला दादा, थरथर नाही. टायर मागच्याच महिन्यात बदललेत, तेव्हाच बॅलन्सिंग झालं. टॉवेल आजपासून गाडीत.

मुंग्यांबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून थोडं अधिक लिहिते. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट. करंगळीला काही होत नाही. गाडी चालवताना येतातच, पण रात्रीही तीनच्या सुमाराला जाग येते आणि हात झटकल्याशिवाय बरं वाटत नाही. मऊ कव्हर घातलं की हे थांबेल असं मला वाटत होतं.


मनगट

मी हाताच्या दुखण्यांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. वरची सगळी चर्चा वाचली, फार चांगली आहे. पण शेवटच्या चार ओळी तुम्ही सगळ्यात आधी लिहायला हव्या होत्या.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी सुटलेली, आणि रात्री उठून हात झटकावासा वाटणं. हे वर्णन मनगटातून जाणारी मीडियन नावाची नस दाबली जाते तेव्हा रुग्ण करतात तसंच आहे. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे तेच आहे असं म्हणणार नाही. मानेतल्या नसेमुळेही अशा मुंग्या येतात, मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर त्याचाही संबंध असतो. डॉक्टरांना दाखवा. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलमध्ये चार-चार तास बसताच, त्यातलाच एक तास स्वतःसाठी काढा. ही नस फार दिवस दाबलेली राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू बारीक होत जातो, आणि तो पुन्हा भरून येणं अवघड असतं. तुमच्या हातात सुई धरायची ताकद हवी आहे ना?

आता स्टिअरिंग. मऊपणाने या दुखण्याला फारसा फरक पडत नाही. मनगट वाकलेलं आहे का, मुठीत जोर किती आहे आणि किती वेळ आहे, याने पडतो. दहा-दोनला हात ठेवून सीट पुढे ओढून बसलं की मनगटं मागे मोडतात. नऊ आणि तीनला हात ठेवा. एअरबॅगच्या दृष्टीनेही तीच जागा बरी, कारण एअरबॅग साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांत फुगते आणि तिच्या वाटेत हात आला तर तो तोंडावर फेकला जातो. सीट अशी लावा: पाठ आणि खांदे टेकलेले असताना हात सरळ पुढे केला तर स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर मनगट टेकलं पाहिजे. छाती आणि मधली गादी यांत किमान पंचवीस सेंटिमीटर अंतर राहू द्या.

सुईदोरा दादांचं घेराचं गणित मला पटलं. फार बारीक कडी धरायला बोटं आवळावी लागतात, फार जाड कडी धरायला पंजा ताणावा लागतो, दोन्हीकडे जोर लागतो. तुमच्या हाताला ९.१ वरून ९.८ किंवा १० ठीक वाटेल. आणि चिकट किंवा घसरड्या स्टिअरिंगचा एक तोटा कुणी सांगितला नाही. हात सुटेल या भीतीने माणूस नकळत जास्त आवळतो. म्हणून पकड देणारा पृष्ठभाग घ्या, तो आपोआप हात सैल ठेवू देतो.

बाबांना हिसका बसू नये म्हणून तुम्ही घट्ट धरता, ते कळतंय. पण हिसका कमी होतो तो वेगाने आणि लांबून खड्डा पाहण्याने. सिग्नलला थांबलात की दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवा, बोटं पाच वेळा उघडा-मिटा. घट्ट धरलंय हे आठवण करून देण्याचं काम बाबांवर सोपवा. माझ्या बऱ्याच रुग्णांच्या शेजारी बसणाऱ्या माणसानेच ही सवय मोडलीय.

लेदर किंवा रबर लागून हाताला खाज, लाली आली तर मात्र ते लगेच बंद करायचं. रबरातल्या रसायनांची आणि लेदर कमावताना वापरलेल्या क्रोमियमची काही जणांना अ‍ॅलर्जी असते.


मऊकाळं

दोन गोष्टी राहून गेल्यात, त्या सांगतो.

एक, अल्कांटारा. कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. ते लेदर नाही, पॉलिस्टरच्या अतिबारीक धाग्यांत पॉलीयुरेथेन भरून केलेलं कापड आहे. मूळ तंत्र १९७० मध्ये जपानमधल्या तोरे कंपनीत निघालं, कापड इटलीत बनतं. माझ्या गाडीला आहे आणि मला ते मनापासून आवडतं. उन्हात लेदरइतका चटका देत नाही, पकड अप्रतिम. पण घामट हातांनी त्याचे तंतू चपटे होतात आणि काळं चमकतं, मग दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसून मऊ ब्रशने उभे करावे लागतात. ज्यांच्याकडे तेवढा वेळ आहे त्यांनीच घ्यावं. ताईंकडे नाही.

दोन, हे इतर वाचकांसाठी. नवीन गाड्यांत लेन सांभाळणारी यंत्रणा असते. त्यातल्या काहींच्या कडीत हाताचा स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो. त्यावर जाड कव्हर घातलं की गाडीला हात कळत नाही आणि ती सारखी सूचना देत राहते. कडी गरम होणारी असेल तर कव्हरने ती ऊबही अडते. अशा गाडीचं मॅन्युअल वाचल्याशिवाय काही चढवू नका. नऊ वर्षांच्या साध्या हॅचबॅकला ही अडचण येऊ नये.


खिडकीजवळची

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी हात. मनगट ताई, तुमचं वाचून दुसऱ्याच फेरीला दाखवलं. नसेची तपासणी झाली. तेच निघालं, पण अजून सुरुवातीचं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपते. गेल्या आठवड्यात एकदाच जाग आली. तुम्ही तसं खडसावून लिहिलं नसतं तर मी अजून कव्हरच बदलत बसले असते. मनापासून आभार.

आता लेदर. मॅट, काळं, १.२ मिलिमीटर, हाताच्या दोन जागी छिद्रं. दुकानात चार तुकडे ओल्या हाताने पिळून बघितले. त्यातला सगळ्यात महाग आणि कोरड्या हाताला सगळ्यात छान लागणारा तुकडा ओल्या हातात माशासारखा निसटला. ती परीक्षा ठाऊक नसती तर मी तोच घेऊन आले असते.

शिवलं हॉस्पिटलच्याच आवारात. बाबांना आत सोडलं, त्या दिवशी झाडाखालची जागा मिळाली होती, सीट मागे सरकवली आणि बसले. चार तासांत झालंच पाहिजे, कारण अर्धं शिवून चालवायचं नाही हे डोक्यात पक्कं होतं. हेअर ड्रायर तिथे कुठला! गरम पाण्याची रबरी पिशवी भरून नेली होती, ती पाच-पाच मिनिटं लेदरवर धरली. ताणलं गेलं व्यवस्थित. वरचा अर्धा गोल तासाभरात झाला आणि मला वाटलं, फारच सोपं आहे. खालच्या स्पोकपाशी आले तेव्हा कळलं. तिथे दोन्ही कडा मिळत नाहीत, लेदर दुमडून आत घ्यावं लागतं आणि सुईला वळायला जागाच नसते. तेवढ्या चार इंचांना पाऊण तास गेला. दोनदा उसवलं. शेवटची गाठ मारली तेव्हा बाबांना बाहेर आणायला वीस मिनिटं उरली होती.

पिळून बघितलं. हललं नाही. घेर ९.९.

बाबा गाडीत बसले, बघितलं, हात लांब करून जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, टाके सारखे आलेत. एवढंच. डायलिसिसनंतर ते घरी पोहोचेपर्यंत सहसा एक शब्द बोलत नाहीत.

सॅनिटायझर आता गाडीपाशी लावतच नाही. वॉर्डच्या दारात लावते, लिफ्ट खाली येईपर्यंत हात वाळतात. टॉवेल पांढरा, जाड, स्टिअरिंगवर असतोच. आणि सिग्नलला बाबा डावा हात उचलून दोन बोटांनी मांडीवर टकटक करतात, की मी हात सोडायचे. हे काम त्यांनी फार मनावर घेतलंय.

घामाचं विचाराल तर घाम येतोच, लेदरने तो थांबत नाही. पण हात सरकत नाही आणि चिकटतही नाही. दर रविवारी ओल्या कापडाने पुसून छिद्रांवरून बाळाच्या केसांचा मऊ ब्रश फिरवते.

सुईदोरा दादा, एकच शंका उरलीय. डावीकडच्या स्पोकच्या वर, तिसरा आणि चौथा टाका जरा सैल वाटतोय. नखाने उचलला जातो. लेदर हलत नाही, पिळूनही बघितलं. उसवून पुन्हा घालू का?


सुईदोरा

उसवू नका ताई. पहिल्या महिन्यात लेदर बसतं, थोडं सैल पडतं, ते सगळ्यांचंच होतं. बोथट सुईचं टोक तिसऱ्या टाक्याखाली घालून ढील चौथ्याकडे ओढा, चौथ्याची पाचव्याकडे, अशी गाठीपर्यंत न्या. मग फक्त गाठ सोडून दोरा ताणून पुन्हा बांधा आणि टोक लेदरच्या आत ढकला. दहा मिनिटांचं काम आहे, गाडी उभी असताना करा.

स्पोकपाशी दोनदा उसवलंत म्हणालात. माझी पहिली सहा स्टिअरिंगं मी तिथेच उसवली होती. जमलं तर त्या जागेचा फोटो टाका, दुमड कशी घेतलीत ते बघायचंय.